‘आणि मी चीनची असते तर?’ : नागपुरातल्या एका वॉर्डातलं प्रकरण

नागपुरात धंतोली-रामदासपेठ भागात पावलोपावली दवाखाने आहेत. त्यातल्या एका खासगी रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते. बिलाची अडचण, सरकारी योजनेची कागदपत्रं, नातेवाइकांची भांडणं, पेशंटचं समुपदेशन असं सगळं माझ्या टेबलावर येतं. हे प्रकरणही तसंच आलं, तक्रारीचा एक कागद म्हणून. संबंधितांना विचारून ते लिहिते आहे. नावं मात्र कुणाचीच देत नाही, कारण सिस्टरची तशी इच्छा होती. ती म्हणाली, ‘लिहा, पण मला शोधत कोणी येऊ नये.’

फेब्रुवारीचा महिना. काटोलकडच्या एका गावातल्या बहात्तर वर्षांच्या आजी अंगणात पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून खुब्याचा अर्धा सांधा बदलला. ऑपरेशन चांगलं झालं. अशा पेशंटची खरी परीक्षा त्यानंतरच्या चार-पाच रात्रींत असते. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीखालची कातडी लाल होते आणि मग जखम धरते. कूस बदलताना दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी लागते, पाय आत वळला तर नवा सांधा निखळू शकतो. हे एकट्यादुकट्या नातेवाइकाचं काम नाही, त्याला सरावाचे हात लागतात.

त्या वॉर्डात नाइटला मणिपूरची एक सिस्टर होती. वय सव्वीस, नागपुरात तिसरं वर्ष. ऑपरेशननंतरच्या पहिल्याच रात्री दोनच्या सुमारास ती आजींची कूस बदलायला गेली. आजींना जाग आली आणि त्या ओरडल्या, ‘हे कोन व्हय? मले हात लावू नोको! माह्या आंगाले तिचा हात नोको!’ शेजारच्या बेडवरचे जागे झाले, खाली सतरंजीवर झोपलेला मुलगा उठला. सिस्टरने हिंदीत समजावून पाहिलं, पण आजींनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. त्या रात्री कूस बदललीच नाही. दुसऱ्या रात्री वॉर्डातली मावशी आणि मुलाने मिळून जमेल तसं केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसिंगच्या वेळी कंबरेखाली लाली दिसली.

मुलाने लेखी तक्रार दिली. तिच्यात लाली होती, रात्रीची आरडाओरड होती आणि शेवटी एक ओळ होती : ‘आईला चायनीज नर्स नको, आपली नर्स द्यावी.’

आम्ही काय केलं, ते आता सांगते. या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट तीच आहे.

सकाळच्या बैठकीत इन्चार्ज सिस्टर, प्रशासनातले एकजण आणि मी, असे तिघं होतो. दहा मिनिटांत निर्णय झाला. सिस्टरला आयसीयूत टाकायचं. कुणीतरी म्हणालंही, ‘तिथे बरं, तिथले पेशंट बोलत नाहीत.’ कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. मी तक्रारीच्या कागदावर ‘निराकरण झाले’ असं लिहून सही केली आणि चहा प्यायला गेले.

दुपारी सिस्टर माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. ‘मॅडम, माझी ड्युटी का बदलली? माझं काय चुकलं?’

हे तिने मराठीत विचारलं. स्वच्छ, थोड्या जपून उच्चारलेल्या मराठीत. तीन वर्षांत मी तिच्याशी फक्त हिंदीत बोलले होते. तिला मराठी कळतं हे मला माहीत नव्हतं, वॉर्डातही बहुतेक कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे त्या रात्री आजी जे बोलल्या ते तिला शब्द न् शब्द समजलं होतं. आणि तीन वर्षं तिच्यासमोर उभं राहून आमचे लोक आपसात जे बोलत आले, तेही.

मी तिला बसवलं. खरं तर काय बोलावं ते मला सुचत नव्हतं, म्हणून बोलले नाही, आणि तेच बरं झालं. ती पाऊण तास बोलली. रस्त्यावर ‘चिंकी’ ऐकू येतं, ऑटोवाला ‘नेपाल से हो क्या’ विचारतो, त्याची तिला सवय झाली होती. घर बघायला गेली की मालकीणबाईंचा पहिला प्रश्न असतो, तुम्ही काय काय खाता? तेही चालवून घेतलं. पण दवाखान्यात ती सिस्टर होती. गणवेश घातला की आपण त्यातून सुटलो, असं तिला वाटायचं. ‘आजी म्हातारी आहे, घाबरली असेल. तिचा मला राग नाही आला. पण तुम्ही लोकांनी मला उचलून दुसरीकडे ठेवलं. म्हणजे तक्रार खरी होती, असंच झालं ना?’

मग तिने ड्युटीच्या फळ्याबद्दल सांगितलं. वॉर्डात पांढरा फळा आहे, त्यावर त्या त्या शिफ्टच्या सिस्टरची नावं लिहितात. बाकी सगळ्यांची नावं असतात. तिच्या जागी लिहिलेलं असतं ‘मणिपूर’. मी उठून बघून आले. होतं. निळ्या मार्करने, ठसठशीत. त्या फळ्यासमोरून मी रोज दहा वेळा जाते. तिचं नाव तीन अक्षरांचं आहे, एकही जोडाक्षर नाही. आमच्या वॉर्डात याहून अवघड आडनावाच्या चार सिस्टर आहेत, त्यांची नावं कुणी चुकवत नाही.

मी विचारलं, तुम्हाला काय व्हायला हवं आहे? हा प्रश्न सकाळच्या बैठकीत तिला विचारायला हवा होता. तिने दोन गोष्टी मागितल्या. वॉर्ड बदलायचा की नाही हे तिला ठरवू द्यावं. आणि आजींशी कुणीतरी नीट बोलावं, पण ते तिने स्वतः नाही. एक गोष्ट मात्र नको म्हणाली : माफी. ‘कोणी माफी मागितली की मला ‘काही नाही, काही नाही’ म्हणावं लागतं. मग ते खरंच काही नाही होऊन जातं.’

हे वाक्य मी त्याच दिवशी डायरीत उतरवून ठेवलं. आमच्या कामात आम्ही माफीवर फार भर देतो. दोघांना समोरासमोर बसवायचं, हात मिळवायचे, कागद बंद. त्या हात मिळवण्यात दुखावलेल्या माणसावरच मोठेपणा दाखवायची सक्ती होते, हे मला पंधरा वर्षं काम करून कळलं नव्हतं.

संध्याकाळी मी आजींकडे गेले. ‘आजी, तुमचं चुकलं’ अशी सुरुवात करायची नाही, एवढं ठरवलं होतं. त्यांची चूक लपवायची म्हणून नव्हे. घाबरलेल्या माणसाला आधी चूक सांगितली की तो फक्त बचाव करतो. मी स्टूल ओढून बसले आणि झोप कशी आहे ते विचारलं. त्या गप्प. मग विचारलं, त्या रात्री काय दिसलं तुम्हाला?

‘डोळे दिसले, बाई. निस्ते डोळे. तोंडाले बांधलेलं.’

आणि मग सगळं बाहेर आलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये आजोबांना कोरोना झाला. तेव्हा नागपुरात बेड मिळत नव्हता, ऑक्सिजनसाठी लोक रात्रभर फिरत होते. शेवटी एका दवाखान्यात जागा मिळाली आणि सहाव्या दिवशी ते गेले. ‘पिशवीत बांधून नेलं. तोंड भी पाहू देलं नाई मले.’ तेव्हापासून मास्कच्या वर दिसणारे डोळे आणि दवाखान्याचा वास हे त्यांच्या मनात एकत्र बसलेलं होतं. टीव्हीवर तर महिनोन्‌महिने चीनचा आजार, चीनचा आजार चाललेलं. भुलीच्या गुंगीतून जाग आली तेव्हा ते सगळं त्या एका चेहऱ्यावर येऊन ठेपलं.

मी ऐकून घेतलं. मध्ये अडवलं नाही, ‘हो पण’ म्हटलं नाही. त्यांचं रडून झाल्यावर म्हणाले, ‘आजी, आजोबांचं दुःख खरं आहे. पण ते या पोरीनं दिलेलं नाही. ती तुमची पाठ वाचवायला आली होती. आणि चेहरा पाहून नर्स बदलून मिळत नाही इथे.’ शेवटचं वाक्य मी सौम्य आवाजात, पण ठाम म्हणाले. आधी ऐकून घेतलं म्हणजे नियम सैल करावा असं नाही. उलट नीट ऐकून घेतलेल्या माणसाला ठाम बोललेलं सोसतं, असा माझा अनुभव आहे.

इथपर्यंत बरं चाललं होतं. मग मी एक वाक्य जास्तीचं बोलले. ‘आणि आजी, ती चीनची नाहीच. मणिपूरची आहे. आपल्याच देशाची.’

आजींचा चेहरा एकदम मोकळा झाला. ‘मंग असं सांगा ना! मले वाटलं चीनची व्हय.’ मुलगाही हसला. काम फत्ते झालं, असं समजून मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सिस्टरला हे सांगितलं, जरा आनंदातच. तिने ऐकलं आणि विचारलं, ‘आणि मी चीनची असते तर?’

तिचा आवाज चढला नव्हता. पण त्या प्रश्नाने माझं आदल्या दिवशीचं सगळं समुपदेशन उताणं पडलं. मी आजींना तिचा आदर करायला सांगितलं नव्हतं, तिचं ओळखपत्र दाखवलं होतं. ती ‘आपली’ निघाली म्हणून तिचा हात चालेल. म्हणजे नसती निघाली तर आजींचं बरोबर होतं, असंच मी त्यांना शिकवून आले होते.

आपण सगळेच हे करतो, आणि चांगल्या मनाने करतो. ईशान्येच्या मुलामुलींना कुणी बोललं की आपण धावून जातो आणि म्हणतो, अरे ते भारतीयच आहेत. ते खरंच आहे, आणि सांगायलाही हवं. १९-२० वर्षांचा, अरुणाचलचा निडो तानियाम हा विद्यार्थी जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीतल्या लाजपतनगरात त्याच्या दिसण्यावरून, केसांवरून टिंगल झाल्यावर उसळलेल्या मारहाणीत गेला. त्यानंतर केंद्राने बेझबरुआ समिती नेमली आणि तिने अशा वांशिक अपमानासाठी कायद्यात वेगळं कलम असावं अशी शिफारस केली. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या नावाखाली ईशान्येच्या लोकांना त्रास व्हायला लागला, तेव्हा गृह मंत्रालयाला राज्यांना सूचना काढावी लागली. हे सगळं ठाऊक असणाऱ्या माझ्यासारखीला ‘आपल्याच देशाची’ हे वाक्य ढालीसारखं वाटतं. पण त्या ढालीमागे माणूस उभा राहायचा तर त्याने दरवेळी आधी पुरावा द्यायचा, अशी ती अट आहे. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या रांगेत ‘वंश’ हाही शब्द आहे. जात हा शब्द आपण रोज वाचतो. वंश हा शब्द आपल्याकडे लागू होतो असं आपल्याला वाटतच नाही, वंशभेद म्हणजे अमेरिका नाहीतर दक्षिण आफ्रिका. खरं तर याच महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. तिकडचं दुःख त्यांना आपल्या दुःखाशेजारचं दिसलं. ते लोक आपले आहेत का, हे त्यांनी विचारलं नाही.

मी पुन्हा आजींकडे गेले. आदल्या दिवशीचं बोलणं दुरुस्त करायचं होतं आणि कसं करावं ते कळत नव्हतं. ‘आजी, ती चीनची असती तरी तुम्हाला तसं बोलता आलं नसतं,’ एवढंच म्हणाले. आजी म्हणाल्या, ‘पन नाई ना चीनची.’ आम्ही तिथेच अडकलो.

सुटका केली शेजारच्या बेडवरच्या बाईंनी. नागपुरातल्याच इंदोऱ्याच्या होत्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या तिन्ही दिवस सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘आजी, आमचे भंतेजी, सुरई ससाई, जन्माने जपानचे. इंदोऱ्याच्या विहारात इतकी वर्षं आहेत. दीक्षाभूमीवर लाखो लोक त्यांच्यापुढे वाकतात. त्यांचा चेहरा या सिस्टरसारखाच आहे. कोणी पाय मागे घेतला का आजवर?’

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, ‘मराठी बोलते का ते?’ बाई म्हणाल्या, ‘सिस्टर की भंतेजी?’ ‘सिस्टर.’ मी म्हटलं, बोलते. सगळं समजतं तिला. आजींनी मान खाली घातली. ‘म्हंजे त्या रातचं भी?’

मी ‘हो’ म्हणाले आणि थांबले. त्या क्षणी त्यांना धीर द्यावा असं फार वाटलं. पण सिस्टरचं ‘काही नाही होऊन जातं’ आठवलं, म्हणून नाही दिला.

सिस्टरने त्या वॉर्डातच राहायचं ठरवलं. त्या रात्री ती दारातच थांबली, मास्क खाली करून चेहरा दाखवला, स्वतःचं नाव सांगितलं आणि मराठीत म्हणाली, ‘आजी, आता मी तुमची कूस बदलणार. आधी उशी ठेवते. मग डाव्या बाजूला. मी सांगितल्याशिवाय हात लावणार नाही.’ हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. प्रत्येक हालचाल आधी सांगायची आणि मगच करायची. तो बदल आम्ही नंतर त्या वॉर्डात सगळ्याच पेशंटसाठी केला, कारण रात्री दोनला अंधारात अंगावर हात पडला की कुणीही दचकतं, हात कुणाचाही असो. आजींनी डोळे मिटून घेतले, पण चादर सोडली. लाली चार दिवसांत उतरली.

संत्र्याचीही एक गोष्ट आहे. ती सांगावी की नाही, यावर मी बराच विचार केला. पाचव्या दिवशी मुलाने शेतातली मृग बहराची संत्री आणली. आजींनी एक सोलून फोडी वाटल्या, सिस्टरलाही दिली. तिने साल नखाने दाबली, वास घेतला आणि म्हणाली, आमच्या डोंगरावर संत्री डिसेंबरात निघतात. ती तामेंगलाँग जिल्ह्यातली, घरी संत्र्याची झाडं. आजींना हे पटेचना. ‘संत्रं नागपूरचंच.’ मग दोघींची जुंपली, कुणाचं गोड, कुणाची साल पातळ. तिकडे उतारावरून पाठीवर टोपली घेऊन, टोपलीचा पट्टा कपाळाला लावून माल उतरवतात, हे तिने हाताने करून दाखवलं. आजींनी विचारलं, ‘झाडाले डिंक्या येते का तुमच्याकडं?’ हा शब्द तिला ठाऊक नव्हता. आजींनी खोडातून डिंक कसा गळतो आणि झाड कसं वाळत जातं ते सांगितलं, तर म्हणाली, हो, बाबा त्याला चुना लावतात. तेव्हा आजींचा स्वर पहिल्यांदा एका शेतकरी बाईचा दुसऱ्या शेतकऱ्याच्या लेकीशी असतो तसा लागला.

मला हा प्रसंग फार आवडतो. तरीही इन्चार्ज सिस्टर जेव्हा सगळ्यांना ‘संत्र्यानं जमवलं’ असं सांगायला लागल्या, तेव्हा मी त्यांना अडवलं. ती मुलगी इंफाळ शहरातली असती, तिच्या घरी संत्र्याचं एकही झाड नसतं, तर? साम्य सापडलं की जवळीक वाढते, यात शंका नाही. पण साम्य सापडेपर्यंत आदर थांबवून ठेवायचा, हे पुन्हा ओळखपत्र मागण्यासारखंच आहे. संत्रं पाचव्या दिवशी आलं. आजींनी चादर सोडली होती चौथ्या रात्री.

आजींपेक्षा अवघड काम निघालं ते आमच्याच माणसांचं. चौकशी करताना कळलं की दोन वॉर्डबॉय सिस्टरला तिच्या पाठीमागे, कधी तोंडावरही ‘मोमो’ म्हणतात. त्यातल्या एकाशी बोलले. ‘मॅडम, मजाक होती. ती पण हसते.’ तो दोन वर्षं पुण्यात काम करून आलेला. मी विचारलं, तिथे तुझ्या बोलण्याला कोणी हसायचं का? त्याचा चेहरा बदलला. ‘करून राहिलो’ म्हटलं की सगळे तसंच म्हणून दाखवायचे, तो म्हणाला. तू काय करायचास? ‘हसायचो.’ का? बराच वेळ तो बोलला नाही. हा प्रश्न उपयोगी पडतो, पण तिथेच थांबू नये. म्हणून त्याला पुढचंही सांगितलं : तू बोलणं बदललंस आणि सुटलास, तिला चेहरा बदलता येत नाही. दुसरा वॉर्डबॉय शेवटपर्यंत म्हणत राहिला की आजकाल लोकांना काहीच चालत नाही. त्याला लेखी समज दिली. तो पटून गप्प आहे की घाबरून, ते मी सांगू शकत नाही. सिस्टर म्हणाली, तिला तूर्त गप्प चालेल.

आजींच्या मुलाचंही मन वळलं नाही. डिस्चार्जच्या अभिप्रायात त्याने ‘स्टाफ लोकल असावा’ असं लिहिलं. मी तक्रारीचा जुना कागद काढून ‘निराकरण झाले’ खोडलं आणि जे घडलं ते तारखांसह लिहिलं, बैठकीतल्या आमच्या निर्णयासकट. प्रशासनाला ते आवडलं नाही. पण आता तक्रार कर्मचाऱ्याच्या दिसण्याबद्दल, भाषेबद्दल किंवा जातीधर्माबद्दल असेल, तर त्या कर्मचाऱ्याशी आधी बोलल्याशिवाय ड्युटी बदलायची नाही, असं ठरलं आहे. फळ्यावर त्याच दिवसापासून नाव आलं.

दीड महिन्याने आजी तपासणीला आल्या. वॉकर घेऊन, स्वतःच्या पायाने. काउंटरवर त्यांनी सिस्टरचं नाव घेऊन विचारलं, ती हाये का म्हणून. शेवटचं अक्षर त्या उगाच लांबवतात, पण नाव बरोबर होतं. काउंटरवरची मुलगी गोंधळली. ‘कोण? अच्छा, मणिपूर सिस्टर?’

‘मनिपूर नाई,’ आजी म्हणाल्या आणि नाव पुन्हा सांगितलं.

सिस्टरची दुपारची ड्युटी होती, ती दोनला येणार होती. आजींचा नंबर साडेअकरालाच झाला. मुलगा काटोलच्या गाडीची घाई करत होता. आजी वॉकर समोर ठेवून बाकावर बसून राहिल्या.